खातेदाराचा हात

प्रणिता सुरवसेचा भारतातला फोन नंबर बार्शीत राहत होता आणि प्रणिता स्वतः नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावी. परदेशी गेलेल्या मुलांच्या घरी अशी वाटणी तेव्हा सर्रास असे. बँकेचा सहा आकडी कोड मेसेजनं यायचा तो भारतातल्या नंबरावर. परदेशात तो एक तर पोचायचाच नाही, आणि पोचलाच तर मुदतीची दहा मिनिटं उलटून गेल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पोरं आपलं सिमकार्ड एखाद्या जुन्या फोनमध्ये घालून तो फोन आईबापांच्या हवाली करत. प्रणितानंही केला होता. गेली अकरा वर्षं तो आईच्या घरी टीव्हीशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावलेला असे.

कोड हवा असला की प्रणिता जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायची. आई स्वतःचा फोन कानाला लावून, दुसऱ्या हातात लेकीचा फोन धरून आकडे वाचायची, एकेक, सुटा सुटा. सहावा आकडा झाला की म्हणायची, "परत म्हण." प्रणितानं सहाही आकडे परत म्हणून दाखवल्याशिवाय तिची सुटका नसे. छत्तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढलेली बाई ती. डॉक्टरनं फोनवर औषधाचं प्रमाण सांगितलं की नर्सनं ते परत म्हणायचं आणि मगच सिरिंज भरायची, ही वॉर्डातली रीत. निवृत्तीनंतर ती पाळायला आईला हे कोड तेवढे उरले होते. वडील प्रणिता नववीत असतानाच गेले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं.

प्रणिताचं काम पुलांचं. पुलांवर संवेदक बसवायचे, त्यांची थरथर मोजायची आणि कुठला पूल आतून कमकुवत व्हायला लागलाय ते तडा दिसण्याआधी सांगायचं. धडधाकट पूलसुद्धा थरथरतो, पण आपल्या ठरलेल्या ठेक्यात. ठेका मंदावला की समजायचं, आत काहीतरी सैल झालंय. हे ती नव्या लोकांना इतक्यांदा समजावून सांगायची की झोपेतही सांगितलं असतं.

सहा वर्षांपूर्वी बँकांनी हस्तखूण आणली. त्याला कारणही तसंच होतं. आवाजाची नक्कल करणारी यंत्रं गल्लोगल्ली झाली होती, चेहरे उसने मिळत होते, बोटांचे ठसे तर केव्हाच चोरीला गेले होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. सुईत दोरा ओवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. हृदयाचा ठोका बोटांपर्यंत पोचतो, मेंदू स्नायूंना तुटक तुटक आज्ञा देत राहतो, आणि निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो, केसाच्या जाडीहूनही कमी. ही थरथर प्रत्येकाची वेगळी. ती मुद्दाम करू म्हटलं तर करता येत नाही, थांबवू म्हटलं तर थांबत नाही. फोन आडवा केला की चित्र आडवं करणारा बारका संवेदक प्रत्येक फोनमध्ये आधीपासून होताच. तोच ही थरथर टिपायला पुरेसा ठरला. तेव्हापासून कोडाचा मेसेज कुलूपबंद येऊ लागला. खातेदारानं फोन चार सेकंद हातात धरायचा, हात ओळखीचा निघाला तर आकडे दिसायचे. वयानं हात बदलतो, म्हणून यंत्रणा थोडाथोडा बदल पोटात घेत पुढं जायची आणि बदल फारच झाला की अडायची.

खातेदाराचा हात यंत्रणा शिकायची पहिल्या एकवीस दिवसांत, मुकाट्यानं. त्या एकवीस दिवसांत प्रणिताचा फोन ज्या हातात होता तो हात आईचा. घोटाळा लक्षात आला तेव्हा मायलेकी पोटभर हसल्या होत्या. आता बँकेच्या लेखी मीच प्रणिता, असं आई शेजारणींनाही सांगत सुटली होती. दुरुस्त करायचं तर खातेदारानं शाखेत येऊन प्रत्यक्ष नवी नोंद करायला हवी होती. प्रणिता आली की पंधरा दिवसांसाठी यायची, आणि पुढच्या खेपेला करू म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. मधल्या काळात मेसेज परदेशातही वेळेवर पोचायला लागले, तरी सिमकार्ड बार्शीतच राहिलं. बँक ओळखत होती तो हात तिथं होता. अशा हजारो घरांत आया आपापल्या पोरांचे हात होऊन बसल्या होत्या, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

त्या वर्षी प्रणिताचा कायम निवासाचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर आला. त्याला मायदेशातल्या बँकेची ओळख जोडायची होती. त्यासाठी एक कोड लागणार होता आणि मुदत होती महिनाअखेरची. कायम निवास मिळाला की नोकरी गेली तरी देश सोडावा लागणार नव्हता. दर दोन वर्षांनी करार संपताना धास्तावणाऱ्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही.

आणि नेमका तेव्हाच कोड मिळेना. पहिल्या दिवशी आई म्हणाली, रेंज नाही. दुसऱ्या दिवशी चार्जर बिघडला होता. तिसऱ्या दिवशी म्हणे चष्मा सापडत नव्हता. प्रणिताचा संयम सुटला. महिन्यातून एकदा एवढं एकच काम सांगते, तेही तुला जमत नाही का, असं ती बोलून गेली. आईनं ऐकून घेतलं आणि उद्या बघते म्हणून फोन ठेवला. आई उलटून बोलली नाही हेच खरं तर नवल होतं, पण प्रणिताच्या ते ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी बँकेचं पत्र मेलवर आलं.

"प्रिय खातेदार, गेल्या अडीच वर्षांत तुमच्या हाताच्या कंपनात सातत्यानं बदल होत आहे. हा बदल कंपवाताच्या सुरुवातीच्या लक्षणांशी जुळतो. कृपया मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा."

खाली आलेख होता. प्रणितानं तो मोठा करून पाहिला. सुरुवातीला सेकंदाला साडेनऊ कंपनांवर उभं असलेलं टोक महिन्यामहिन्यानं डावीकडं सरकत पाचावर येऊन बसलं होतं, आणि सरकता सरकता उंच होत गेलं होतं. निरोगी हात बारीक आणि जलद थरथरतो, कंपवाताचा सावकाश आणि ठसठशीत. पुलाचा असा आलेख समोर आला असता तर तिनं त्याच दिवशी वाहतूक बंद करायला सांगितली असती. ती आपल्या हाताकडं बघत बसली. कागद तिच्या नावाचा होता, आणि रोग आईचा.

आलेखाखाली दोन बटणं होती. 'मान्य' दाबलं तर खातेदारानं आपला आजार कबूल केला असं धरून बदललेला हात ग्राह्य मानला जाणार होता. कोड उद्यापासून सुरू, आणि तिच्या ओळखपत्राच्या नोंदीत कंपवात कायमचा. 'अमान्य' म्हणजे हा हात माझा नव्हे. मग ओळख गोठणार, एकवीस दिवसांत शाखेत हजर राहावं लागणार आणि निवासाचा अर्ज रद्द. पुन्हा करायचा तर वर्षानंतर, आणि तिचा नोकरीचा करार आठ महिन्यांत संपत होता.

प्रणितानं मनाशी हिशेब मांडला. खोटंच लिहायचं तर आपल्याच नावावर लिहितोय, त्यात दुसऱ्या कुणाचं काय जातंय? कायम निवास झाला की मग बघू, आईला इकडं आणू, चांगल्या डॉक्टरला दाखवू. तिचं बोट 'मान्य'वर जाऊन थांबलं. आधी आईशी बोलावं म्हणून तिनं फोन लावला. बार्शीत तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

"आई, उजवा का डावा?"

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला.

"उजवा," आई म्हणाली. "एका अंगापासनंच चालू होतंय ते."

मग तिनं सगळं सांगितलं, एखाद्या पेशंटची माहिती सांगावी तसं, न रडता. अडीच वर्षांपूर्वी टीव्ही बघताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटावर फिरायला लागला, गोळी वळल्यासारखा. ते लक्षण तिनं वॉर्डात शेकड्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरकडं ती गेली नाही, कारण बार्शीतल्या निम्म्या दवाखान्यांत तिनंच शिकवलेल्या नर्सा होत्या आणि संध्याकाळपर्यंत बातमी प्रणिताला पोचली असती. प्रणिताला कळलं असतं तर ती सगळं टाकून आली असती. तेवढं एक आईला होऊ द्यायचं नव्हतं. गेले तीन दिवस तिनं हात उशीवर टेकवून पाहिला, डाव्या हातानं मनगट दाबून पाहिलं, फोन गुडघ्यांत धरून पाहिला. जितकं दाबावं तितकं यंत्र नाहीच म्हणत होतं. त्याला हात स्थिर नको होता, त्याला तिचा जुना हात पाहिजे होता.

काल आपण काय बोललो ते प्रणिताला आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती घाईघाईनं म्हणाली, की काळजी करू नकोस, यावर उपाय आहे, मी मान्य करून टाकते.

"म्हणजे माझा आजार तुझ्या नावावर लिहायचा?"

"नुसता कागदावर गं."

"नुसता कागद नसतोय, प्रणू."

पुढचं सांगायची गरज नव्हती. ती गोष्ट प्रणिता लहानपणापासून ऐकत आली होती. आईच्या नोकरीचं पहिलं वर्ष, दुसरंच कुठलं तरी गाव. चादरी बदलताना सात आणि आठ नंबरच्या खाटांचे कागद एकमेकींना लागले. आईनं कागद वाचला, प्रमाण वाचलं, परत म्हणून दाखवलं आणि इंजेक्शन दिलं. सगळं बरोबर, फक्त खाट चुकीची. चार दिवस ते चालू राहिलं. आठ नंबरची ती नऊ वर्षांची मुलगी वाचली, पण एका कानानं कायमची बहिरी झाली. पुढं ती मोठी होऊन बार्शीला सासरी आली आणि आपलं मूल घेऊन लसीला यायची, तेव्हा आईचं बोलणं ऐकायला मान वळवून दुसरा कान पुढं करायची. आई म्हणे दर वेळी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहायची.

"एका खाटेचा कागद दुसऱ्या खाटेला लावायचा नाही," आई म्हणाली. "उद्या तुला काय झालं आन् तिथल्या डॉक्टरनं हे वाचून औषध दिलं तर? मी मेल्यावर कोण सांगायचं त्यांना, की हा हात हिच्या आईचा हाय म्हणून?"

"पण अमान्य केलं तर मला यावं लागेल, आई. अर्ज जाईल."

"कळतंय मला."

फोनमध्ये बार्शीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज आला आणि गेला.

"ये तू," आई म्हणाली.

अकरा वर्षांत आईनं हा शब्द उच्चारला नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही, साथीच्या वर्षी नाही. दर वेळी तिचं एकच पालुपद असे, तू तुझं बघ. ज्या एका गोष्टीसाठी तिनं अडीच वर्षं तोंड शिवून ठेवलं होतं ती गोष्ट ती आता आपल्या तोंडानं मोडत होती. प्रणिताला रागही आला, खोटं कशाला बोला. आईचा आला, बँकेचा आला, अकरा वर्षं चिकाटीनं रचलेलं सगळं एका अंगठ्यापायी कोसळणार याचा आला. ती कार्यालयाबाहेर जाऊन कालव्याकाठी तासभर चालली. मग परत येऊन तिनं 'अमान्य' दाबलं.

बार्शीच्या शाखेत काळदाते मॅडम म्हणून अधिकारी होत्या, शांत स्वभावाच्या. मायलेकी समोर बसल्या. आईनं रीतसर अर्ज स्वतः लिहून आणला होता. अक्षर पूर्वीच्या निम्म्या आकाराचं झालं होतं, ओळीच्या शेवटाला तर मुंग्या चालल्यासारखं. 'सहा वर्षांतील सर्व नोंदींमधील हात माझा, रत्नमाला सुरवसे हिचा आहे. माझ्या मुलीला कोणताही आजार नाही.' खाली सही होती. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि नियमाप्रमाणे जुनी नोंद पडद्यावर उघडली. पुसायच्या आधी ती खातेदाराला दाखवावी लागे.

नोंद वाचता वाचता त्या थांबल्या.

"इथं एक वेगळंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "हात ओळखायला चार सेकंद लागतात. आकडे वाचून सांगायला फार तर मिनिटभर. तुमचा फोन दर वेळी दहा-बारा मिनिटं हातात धरलेला आहे. एकदा तर चाळीस. ते कशासाठी?"

प्रणिताला ते समजेना. कोड घेतला की ती लगेच फोन ठेवायची. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, डबा उघडून समोर असायचा. तिनं आईकडं पाहिलं. आई उजवा हात डाव्या हातात धरून बसली होती.

"तू ठेवून दिल्यावर मी लगेच ठेवत नव्हते," आई म्हणाली. "वाटायचं, एखादा आकडा चुकला असंल तर परत करशील फोन."

"पण तू तर सगळे आकडे परत म्हणून घ्यायचीस, आई. चुकणार कसा?"

"तेच की," आई म्हणाली.

काळदाते मॅडम उठून पाणी आणायला गेल्या. पाणी टेबलावर होतंच.

प्रणितानं नोंद पुसू दिली नाही. सोलापूरचे मेंदूविकारतज्ज्ञ ती बघून चकित झाले. रोग सुरू व्हायच्या आधीपासूनचा असा महिन्यामहिन्याचा आलेख त्यांच्या हाती कधीच आला नव्हता. एरवी पेशंट येतो तेव्हा पहिली चार वर्षं वाया गेलेली असतात, असं ते म्हणाले. औषधाची मात्रा त्यांनी त्यावरूनच बसवली. बँकेनं महिनाभर कागदी घोडे नाचवून का होईना, ती नोंद रत्नमाला सुरवसे या नावावर चढवली. ज्याचा कागद त्याच्या खाटेला लागला. त्या दिवशी आईनं आपण होऊन शिरा केला, आणि ढवळताना हात थरथरला तेव्हा तो लपवला नाही.

एकवीस दिवस प्रणितानं आपला फोन आपल्या हातात धरला आणि यंत्रणा तिचा हात शिकली. पहिला कोड तिच्या हातात उघडला तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती.

"आता तुझे कोड तुझ्याकडंच," ती गवारीची शीर काढत म्हणाली. "मला फोन करायचं काय काम ऱ्हायलं नाही मग."

ती चेष्टेनं बोलल्यासारखं बोलली. दुसऱ्या दिवशी प्रणिता एकटीच शाखेत जाऊन एक फॉर्म घेऊन आली. आजारानं ज्यांचा हात बदलत राहतो त्यांना पर्यायी हात नेमता येत असे. आईचे कोड यापुढं आईच्या फोनवर येणार नव्हते, ते प्रणिताच्या हातात उघडणार होते, ती जगात कुठंही असो. आईनं चष्मा लावून फॉर्म वाचला, दोनदा, आणि सही केली.

कायम निवासाचा अर्ज प्रणितानं पुन्हा केला नाही. त्यासाठी सलग तिकडं राहावं लागतं, आणि सलग राहणं आता जमणार नव्हतं. कार्यालयाशी भांडून भांडून तिनं सहा महिने इकडं आणि सहा महिने तिकडं असं ठरवून घेतलं. पगार कमी झाला, पद खाली आलं. करार दर वर्षी नव्यानं व्हायचा, धास्तीही दर वर्षीची. याचं वाईट वाटलं नाही असं ती कुणाला सांगत नसे.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला देण्याचा महिना. प्रणिता डेल्फ्टमध्ये होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन वाजला.

"कोड आलाय का बघ," आई म्हणाली. "मी जिवंत असल्याचा."

प्रणितानं डबा बाजूला सरकवला आणि फोन चार सेकंद हातात धरला. आकडे उघडले. "चार, शून्य, सात, सात, एक, नऊ," तिनं सुटे सुटे सांगितले. "परत म्हण."

पलीकडं आई एकेक आकडा लिहून घेत होती, पेन कागदावर घासल्याचं ऐकू येत होतं. "चार, शून्य, सात, दोन, एक, नऊ."

"चौथाही सातच आहे, आई."

"हां. चार, शून्य, सात, सात, एक, सहा."

हा रोग हातावरच थांबतो असं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रणिता खुर्चीत ताठ बसली आणि कान देऊन ऐकू लागली. आईचा श्वास शांत होता, घाबरलेला नव्हता. छत्तीस वर्षं वॉर्डात आणि अकरा वर्षं टीव्हीशेजारच्या फळीपाशी या बाईनं वाचताना किंवा परत म्हणताना एक आकडा कधी चुकवला नव्हता.

"नऊ का सहा?" आईनं विचारलं, आणि ती हसू दाबतेय हे प्रणिताला स्वच्छ ऐकू आलं.

मुदतीची सात मिनिटं अजून शिल्लक होती. प्रणितानं डोळे पुसले, खुर्चीला टेकून बसली आणि पहिल्या आकड्यापासून सावकाश सांगायला लागली.